पक्ष बदलण्याआधी आमच्या गावात या: सर्वपक्षीय नेत्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले सर्व पक्षांचे आमदार, खासदार आणि मतं मागायला आमच्या दारात येणारे सर्व नेते,

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या पट्ट्यात, मोठी भावकी असलेल्या एका गावात राहते. आमच्या घरातलं कोण कुठल्या पक्षाचं आणि आमचे आमदार कोण, हे या पत्रात लिहिणार नाही. पक्षाचं नाव आलं की वाचणारा तिथंच थांबतो, आपला की परका ते ठरवतो आणि पुढचं वाचतच नाही. मला मात्र तुम्ही सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचायला हवं आहे.

सांगायचं ते एवढंच. तुम्ही पक्ष बदलता, युत्या मोडता, नव्या आघाड्या जुळवता. त्याची कारणं तुम्ही दिल्लीत सांगता, मुंबईत पत्रकारांना सांगता, कधी वकिलामार्फत न्यायालयात सांगता. ज्या घरांनी तुमच्यासाठी आपापसातलं बोलणं टाकलं, त्या घरांत येऊन कुणी काही सांगत नाही. ते सांगणं तुमचं कर्तव्य आहे आणि तुम्ही ते टाळत आला आहात, अशी माझी तक्रार आहे.

आमच्या घरात दोन भाऊ. थोरले माझे यजमान, धाकटे माझे दीर. विहीर सामाईक, पाइपलाइन सामाईक, देवघर एकच. सासरे, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, ते होते तोवर चूलही एकच होती. राजकारण आमच्या घरात नवं नाही. १९९९ सालच्या जूनमध्ये काँग्रेसमधून राष्ट्रवादी वेगळी झाली तेव्हा तात्या एका बाजूला राहिले आणि त्यांचे सख्खे चुलतभाऊ दुसऱ्या बाजूला गेले. त्या विधानसभेला दोन्ही पक्ष समोरासमोर लढले, बांधाला बांध असलेली माणसं एकमेकांच्या सभेत काय बोलली ते मी ऐकलं आहे. ऑक्टोबरमध्ये विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या मंत्रिमंडळात हेच दोन पक्ष शेजारी बसले. मुंबईत चार-पाच महिन्यांत मिटलेलं भांडण आमच्या भावकीत मात्र कितीतरी वर्षं चाललं. शेवटी एका पुतणीच्या लग्नात आम्ही बायकांनी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एका पंगतीला बसवलं, तेव्हा कुठं तात्यांनी त्यांना नावानं हाक मारली.

शहरातल्या वाचकाला वाटेल, राजकारणावरून एवढं कशाला तोडून घ्यायचं, मत देऊन मोकळं व्हावं. आमच्याकडे मत देऊन मोकळं होता येत नाही. साखर कारखाना कुणाच्या ताब्यात, विकास सोसायटीचा चेअरमन कुणाचा, दूध संस्था कुठल्या गटाची, यावर आमचं वर्ष अवलंबून असतं. उसाची नोंद वेळेत लागूनही तोडणीची टोळी शेजारच्या रानात येते आणि आपल्या बांधावरून परत जाते. चिटबॉयला, म्हणजे तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला विचारावं तर तो खाली बघतो, कारण त्यालाही वरून सांगितलेलं असतं. एका हंगामात आमच्या दिरांचा ऊस फेब्रुवारी उलटून गेला तरी उभा होता. तुरे आले, वजन घटलं, आणि मार्चअखेरीला सोसायटीचं जुनं कर्ज फेडून नवं उचलायला हातात पैसा नव्हता. त्याच हंगामात माझ्या यजमानांचा ऊस वेळेत गेला होता. दोन भावांची रानं लागून आहेत. एकाचं रिकामं आणि दुसऱ्याचं उभं, असं सबंध गावानं बघितलं. त्या वेळी दोघांपैकी कुणीही भाषण केलं नाही, पण त्यांच्यातलं बोलणं तिथंच थांबलं. विहिरीच्या मोटारीच्या पाळ्या मग पोरांमार्फत ठरू लागल्या. पुढं अंगणात भिंत आली.

म्हणून म्हणते, गावातला माणूस तुमच्या मागं येतो तो केवळ हौस म्हणून येत नाही. तुमच्या गटात असणं ही त्याच्या घराची तजवीज असते. तुमच्यासाठी तो भावाशी वाकडं घेतो तेव्हा त्याच्यापुढं दुसरा मार्ग थोडाच असतो. आणि मग एके दिवशी तुम्ही त्या भावाच्याच नेत्याबरोबर हात उंचावून उभे राहता.

२०१९ सालची गोष्ट तुम्हाला आठवत असेलच. २४ ऑक्टोबरला निकाल लागला. गावात मिरवणूक निघाली, गुलाल उधळला, आणि हरलेल्या गटाच्या वस्तीवरून जाताना घोषणा झाल्या. मग व्हायचं तेच झालं. दगड आले, काठ्या निघाल्या. माझा पुतण्या तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याच्यासह दोन्हीकडच्या पोरांवर गुन्हे दाखल झाले. भारतीय दंड संहितेचं कलम १४३, १४७, ३२३, म्हणजे बेकायदा जमाव, दंगल, मारहाण, आणि जमावबंदी मोडली म्हणून पोलीस कायद्याचं १३५. ही कलमं मला पाठ झाली आहेत, कारण मी त्या कागदाचं भाषांतर करून त्याच्या आईला वाचून दाखवत होते. बरोबर महिन्यानं, २३ नोव्हेंबरला सकाळी टीव्ही लावला तर राजभवनावर शपथविधी होऊन गेला होता. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेल्या पक्षांतले दोघं मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री झाले होते. ते सरकार काही दिवसांतच गेलं. २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर दुसरा शपथविधी झाला आणि त्यातही निवडणुकीत समोरासमोर लढलेले पक्ष एकत्र आले. जून २०२२ मध्ये आमदार सुरतला गेले, तिथून गुवाहाटीला गेले आणि सरकार बदललं. २ जुलै २०२३ ला आणखी एक पक्ष फुटला आणि त्याचा एक भाग सत्तेत जाऊन बसला.

एका विधानसभेच्या मुदतीत तीन मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली. त्या पाच वर्षांत महाराष्ट्रातला प्रत्येक मोठा पक्ष कधी ना कधी सत्तेत होता. म्हणजे आमच्या मिरवणुकीत ज्यांच्या नावानं काठ्या निघाल्या, ते नेतेही कधी ना कधी एकमेकांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. पुतण्याची तारीख मात्र तालुक्याच्या कोर्टात पडतच राहिली. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. सोळाशे मीटर वेळेत काढायचा, गोळाफेकीत पैकीच्या पैकी गुण मिळवायचा. चारित्र्य पडताळणीत गुन्ह्याची नोंद येते. अर्जात ती लिहावी लागते आणि लपवली तर लागलेली नोकरीही जाते. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्यासाठी शासन निर्णय निघतात, समित्या बसतात, हे मला माहीत आहे. आम्ही चौकशी केली. मिरवणुकीतली मारामारी आंदोलनात धरत नाहीत, असं वकिलांनी सांगितलं. ज्या गटासाठी तो त्या दिवशी उभा राहिला, त्या गटाच्या नेत्यांकडे माझे दीर जाऊन आले. नेते भेटले, चहा दिला, 'बघतो' म्हणाले. तेव्हा ते ज्यांच्याबरोबर सत्तेत होते, त्यांच्याच कार्यकर्त्यांनी दुसऱ्या बाजूची फिर्याद दिलेली होती. दोघांनी एकत्र बसून दोन्हीकडच्या पोरांना तडजोडीला बसवणं तेव्हा एका फोनचं काम होतं. तो फोन आजवर झालेला नाही.

माझा पुतण्या आता ट्रॅक्टर चालवतो. चांगला चालवतो, कष्टाचं खातो. पण पहाटे चारला उठून जो मुलगा डांबरी रस्त्यावर धावायचा, त्याची भरतीच्या उमेदीची वर्षं कोर्टाच्या तारखांत गेली. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. तुम्ही घेतलेल्या एका निर्णयाचा हा हिशेब आहे आणि असा हिशेब गावोगाव आहे.

माझ्या नोकरीत निवडणुकीचं काम मी पुष्कळ वेळा केलं. आदल्या दिवशी यंत्रं घेऊन परगावी जायचं, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं, पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान घेऊन दाखवायचं आणि सातला दार उघडायचं. त्या खोलीत मी जे पाहिलं ते तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल, कारण तुम्ही येता, हात जोडता आणि निघून जाता. विरोधी उमेदवारांचे प्रतिनिधी दिवसभर एकाच बाकावर बसलेले असतात. दुपारी एकाचा डबा उघडला की दुसरा त्यातली भाकरी घेतो. मतदार आला की दोघंही यादीत त्याचं नाव शोधायला मदत करतात. एखाद्या म्हातारीला दिसत नसेल तर तिच्या नातवाला आत येऊ द्या, असं दोन्ही बाजूचे एकदम म्हणतात. संध्याकाळी मतांच्या हिशेबाचा १७ सी नमुना मी भरला की दोघंही त्याच्या प्रती घेऊन एकाच मोटारसायकलवरून निघायचे. माणसांना एकत्र राहता येतं, विरोधात असूनही येतं. हे मला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. भांडण लागतं ते आधीच्या पंधरा दिवसांत, तुमच्या व्यासपीठांवरून, आणि निकालानंतरच्या गुलालात.

तुमची एकमेकांशी मैत्री असते, याचं मला वाईट वाटत नाही. उलट आनंद वाटतो. एन. डी. पाटील आणि शरद पवार हे नात्यानं मेहुणे. एकानं शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा आयुष्यभर सोडला नाही, दुसरे काँग्रेसमध्ये वाढले. त्यांची राजकीय मतं जुळली नाहीत आणि नातंही तुटलं नाही. महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. माझं म्हणणं असं की तुम्ही एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाता, विधान भवनात एकत्र जेवता, आजारपणात विचारपूस करता, हे प्रचाराच्या सभेत माइकवरून एकदा तरी सांगा. 'समोरचा उमेदवार माझा विरोधक आहे, त्याच्या कार्यकर्त्याच्या अंगाला हात लावाल तर माझ्या गटात जागा नाही' असं एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? मी अनेक सभा ऐकल्या. हे वाक्य ऐकायला मिळालं नाही.

आता कायद्याचं. पक्षांतरबंदी कायदा १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं आला. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट चालायची. २००३ साली एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीनं ती सवलत काढली. दोन तृतीयांशांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची सवलत राहिली. म्हणजे एकट्यानं गेलात तर आमदारकी जाण्याची भीती, पुष्कळांना घेऊन गेलात तर सुटका. अपात्रतेचा निर्णय विधानसभेच्या अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष बहुतेक वेळा सत्ताधारी बाजूचे. जून २०२२ च्या फुटीवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ ला आला, त्यांनी अपात्रतेचा प्रश्न अध्यक्षांकडे पाठवला, आणि अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला निर्णय दिला. दोन्ही गटांतलं कुणीच अपात्र ठरलं नाही. दीड वर्षाहून जास्त काळ वाट पाहून महाराष्ट्राला कळलं की पक्ष फुटला पण फुटण्याचा दोष कुणाकडेच नाही. मी कायद्याची पदवीधर नाही. पण वर्गात दोन मुलांचं भांडण झालं आणि मी दीड वर्षानं येऊन 'कुणीच काही केलं नाही' म्हटलं असतं, तर त्या वर्गानं माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवला नसता.

याच राज्यात सरपंचासाठी नियम वेगळा आहे. जनतेतून थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला तरी तो ग्रामसभेपुढं यावा लागतो. लोकांनी निवडलेल्या माणसाला काढायचं तर लोकांना विचारायचं, हा त्यातला विचार. चांगला विचार आहे. थेट सरपंचाची ही पद्धत तुम्ही २०१७ साली आणली, २०२० साली रद्द केली आणि २०२२ साली पुन्हा आणली, पण निदान गावाला विचारायची गरज तुम्हाला मान्य आहे. मग आमदारानं ज्या चिन्हावर मतं घेतली ते चिन्ह सोडताना गावाला का विचारायचं नाही?

विचारता येतं. साताऱ्यात घडलं आहे. उदयनराजे भोसले २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रवादीकडून लोकसभेवर निवडून आले. सप्टेंबरमध्ये त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला, भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणुकीला सामोरे गेले. त्या वेळी श्रीनिवास पाटील जिंकले. २०२४ साली उदयनराजे भाजपच्या चिन्हावर पुन्हा निवडून आले. दोन्ही वेळचा कौल सातारकरांनी दिला आणि तो सगळ्यांना मान्य झाला. यात कुणाचं राजकारण बरोबर होतं त्यावर माझं काही म्हणणं नाही. राजीनामा देऊन लोकांपुढं जाता येतं, हरता येतं आणि नंतर परतही येता येतं, हे त्यातून दिसलं. पोटनिवडणुकीचा खर्च होतो असं तुम्ही म्हणाल. होतो. मी ते काम केलं आहे, मला खर्च कळतो. पण गावागावात पाच-पाच वर्षं चालणारी कोर्टकचेरी, तुरे आलेला ऊस आणि वाया गेलेली पोरांची वयं यांचा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही.

आणखी एका गोष्टीबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. मुंबईत तुमची ओढाताण चालू होती त्या काळात आमच्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांना सदस्यच नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक बसले. आरक्षणाचा वाद, प्रभाग रचनेचा वाद, तारखांवर तारखा. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. शाळेचं छत गळतं म्हणून आमच्या गावची माणसं पंचायत समितीत जायची, तिथं त्यांचा हक्काचा माणूस नसायचा. अधिकारी चांगले असतील, पण त्यांची बदली होते. सदस्याला पुन्हा त्याच गावात मत मागायला यायचं असतं. राज्यातल्या प्रत्येक फुटीची बातमी आम्हाला मिनिटामिनिटाला मिळत होती आणि आमचं स्वतःचं सभागृह वर्षानुवर्षं बंद होतं, हे त्या बातम्यांत कधी फारसं आलं नाही.

वृत्तवाहिन्यांना मी वेगळं पत्र लिहीन, इथं एवढंच सांगते. २०२४ च्या लोकसभेला बारामतीत नणंद आणि भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या तेव्हा महिनाभर वाहिन्यांचे पडदे 'नणंद विरुद्ध भावजय' या शब्दांनी भरले होते. त्या दोघींनी मतदारसंघातल्या पाण्याबद्दल काय म्हटलं, ते मी शोधत होते. आमच्या घरात संध्याकाळी सातला टीव्ही लागला की थोरली सून जेवणाची ताटं लवकर वाढायला घ्यायची. कारण चर्चा सुरू झाल्यावर यजमान पडद्याशी बोलायला लागायचे, भिंतीपलीकडे दिरांचा आवाजही चढायचा, आणि वाहिनीवरचे चार जण एकदम ओरडत असताना दोन्ही घरांतली पोरं एकमेकांना ऐकू जाईल असं काहीतरी बोलून जायची. आता आम्ही जेवताना टीव्ही लावत नाही. सुनेनं ठरवलं आणि यजमानांनी ऐकलं.

आमच्या भावकीचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यावर वाढदिवस, बारसं, लाइट कधी येणार, असं सगळं यायचं. एका निवडणुकीत त्यावर नेत्यांचे व्हिडिओ पडायला लागले, मग उत्तरं, मग उत्तरांना उत्तरं. एकेक जण बाहेर पडला. पुढं आमच्या एका चुलत सासूबाई रात्री वारल्या, त्याचा निरोप भावकीतल्या निम्म्या घरांना सकाळी दुसऱ्यांकडून कळला. हे लिहिताना अजून हात थांबतो.

तुमच्याकडून मागायचं तेही मी नेमकं सांगते.

लग्नात आणि दहाव्याला बोलू नका. लग्नाला या, आशीर्वाद द्या, आम्हाला आनंदच आहे. पण अक्षता हातात घेऊन पाहुणे ताटकळत उभे असताना माइकवरून एकेका नेत्याचं स्वागत होतं, आणि पत्रिकेत कुणाचं नाव वर छापायचं यावरून मुलीच्या बापाला दोन गटांच्या दारात जावं लागतं, हे थांबवणं तुमच्या हातात आहे. 'तुमच्या पत्रिकेत आमचं नाव घालू नका', असं तुम्ही जाहीर सांगा. दहाव्याच्या दिवशी नदीच्या घाटावर श्रद्धांजली म्हणून निवडणुकीचं भाषण ऐकावं लागतं, तेव्हा घरची बाई पदर डोळ्याला लावून बसलेली असते. ती तुम्हाला काही म्हणणार नाही. मी तिच्या वतीनं म्हणते.

ऊस, सोसायटी आणि दूध यांना पक्ष लावू नका. तोडणीचा कार्यक्रम लागवडीच्या तारखेप्रमाणे लावा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवा. कुणाचा ऊस का मागं राहिला ते मग कुणालाही वाचता येईल. एवढं केलंत तर निम्मी भांडणं जुंपणारच नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांच्या मिरवणुकांत आणि सभांत पोरांवर गुन्हे दाखल झाले, त्या दोन्हीकडच्या नेत्यांनी आता एकत्र बसावं. आज एका आघाडीत असाल तर जास्तच सोपं आहे. कुठल्या पोरावर काय आहे त्याची यादी करा, दोन्ही बाजूंना तडजोडीला बसवा, कायद्यात बसतील ते खटले कोर्टाच्या परवानगीनं मिटवा आणि वकिलाची फी तुम्ही द्या. पोरांनी तुमच्याकडून कधी मजुरी घेतलेली नाही.

आणि पक्ष बदलायचा असेल तर राजीनामा देऊन या. तेवढं धैर्य नसेल तर निदान आधी गावात या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवसांना ग्रामसभा असते. तिथं हार-तुरे न घेता या, खुर्चीवर बसा आणि सांगा: मी अमक्या कारणासाठी चाललो आहे, तुम्ही मला ज्या शब्दावर मत दिलं तो शब्द मी असा पाळणार आहे, आणि माझ्या जुन्या विरोधकांच्या माणसांशी तुम्ही वैर धरू नका. लोक प्रश्न विचारतील. काही रागावतील. ऐकून घ्या. विकासकामांसाठी सत्तेबरोबर गेलो, हे कारण आम्ही पुष्कळ वेळा वर्तमानपत्रात वाचलं. ते आमच्यासमोर सांगा, म्हणजे कुठलं काम आणि किती निधी, ते आम्हाला विचारता येईल.

हे पत्र लिहिण्याआधी आमच्या आळीतल्या बायका आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. भिंतीपलीकडच्या माझ्या जाऊबाईही आल्या. प्रचाराच्या वेळी तुम्ही दारात येता तेव्हा औक्षणाचं तबक आम्हीच आणतो. घरातला पुरुष सांगतो, 'साहेब येणार आहेत, तयारी ठेवा', आणि आम्ही कुंकू, अक्षता, निरांजन घेऊन उभ्या राहतो. कुठल्या पक्षाचे साहेब ते आम्हाला कुणी विचारत नाही. यापुढं आमच्या आळीत असं ठरलं आहे: कुठल्याही पक्षाचा उमेदवार येवो, आधी आम्ही तीन प्रश्न विचारू. मागच्या वेळी ज्यांच्याविरुद्ध मतं मागितली त्यांच्याबरोबर गेलात का, गेलात तर गावाला येऊन सांगितलंत का, आणि आमच्या पोरांवरच्या खटल्यांचं काय केलंत. उत्तरं समाधानाची असतील तर औक्षण होईल. नसतील तर पाणी देऊ, बसायला देऊ, आणि साहेबांना पुढच्या दारात जाऊ देऊ. पुढच्या दारातही हेच विचारलं जाईल. आमच्या घराच्या भिंतींवर कुणाचाही फ्लेक्स लागणार नाही, हेही दोन्ही भावांना सांगून झालं आहे. त्यांनी होकार दिला आहे, आणि तो एकमेकांसमोर दिला आहे.

तुमच्या उत्तराची वाट पाहते आहे. उत्तर वर्तमानपत्रात नको, ग्रामसभेत द्या.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आणि मतदार